त्या हातानं घागर उचलायची नाही

डायलिसिस विभागात सकाळी सातला पहिली पाळी लागते. पेशंट आला की आधी वजनकाटा. मागच्या वेळी मशीनवरून उतरताना वजन किती होतं, आज किती भरलं, फरक किती. एक किलो वाढलं म्हणजे साधारण एक लिटर पाणी अंगात साठलं, हा आमचा रोजचा हिशेब. ज्यांची लघवी जवळजवळ बंद झालेली असते, त्यांनी प्यालेलं पाणी जाणार कुठे? पायांवर सूज येते, मग पोटात साठतं, शेवटी छातीत उतरतं आणि दम लागतो. म्हणून दिवसभरात जेवढी लघवी होते तेवढं आणि वर अर्धा लिटर, एवढंच प्यायचं असं आम्ही सांगतो. त्यात चहा, ताक, वरणाचं पाणी सगळं धरायचं. काट्यावर तीन-साडेतीन किलो जास्त दिसले की मी विचारायची, "काका, किती पाणी पिऊन आलात?" काका मान खाली घालायचे, आणि मी नोंदवहीत लिहायची: सांगितलेलं पाळत नाही.

लातूरमध्ये बरीच वर्षं मी हे लिहिलं. मग नोकरीतूनच एम.एस्सी. नर्सिंगला जायची परवानगी मिळाली आणि प्रबंधाचा विषय शोधताना पहिल्यांदा हीच नोंद डोळ्यांपुढे आली. आमच्याकडे विषयाचा एक सरधोपट साचा असतो. साठ पेशंट घ्यायचे, पाणी किती प्यावं याचं त्यांचं ज्ञान प्रश्नावलीने मोजायचं, माहितीपत्रक समजावून सांगायचं, परत मोजायचं. गुण वाढले की प्रबंध झाला. माझाही आराखडा तसाच तयार होता. गाइड मॅडमनी तो वाचला आणि एकच विचारलं, "त्यांना माहीत नाही म्हणून ते पितात, असं तुला खरंच वाटतं का?"

नव्हतं वाटत. माझ्या पेशंटना सगळं पाठ होतं. त्यांच्या बायकांना, सुनांना, शाळेत जाणाऱ्या नातवंडांनाही पाठ होतं. माहिती कुठेच कमी पडत नव्हती. मग त्या दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत घरी नेमकं काय होत होतं? इतकी वर्षं त्यांच्या हाताला सुई लावूनही मला ते ठाऊक नव्हतं, आणि साठ जणांच्या गुणांच्या सरासरीत ते दिसणारही नव्हतं. तिथून मी गुणात्मक, म्हणजे आकड्यांऐवजी माणसांच्या बोलण्यावर उभ्या राहणाऱ्या संशोधनाकडे आणि त्यातही अनुभव जसा जगला तसा मांडणाऱ्या फेनॉमेनॉलॉजीकडे वळले. मराठीत या शाखेला वेगवेगळे प्रतिशब्द वापरतात, पण कॉलेजात आम्ही फेनॉमेनॉलॉजीच म्हणायचो, म्हणून इथेही तेच म्हणते.

पहिले दोन महिने या शब्दाने फार छळलं. एडमुंड हुसर्ल हा १८५९ साली मोराव्हियात जन्मलेला, मुळात गणित शिकलेला तत्त्वज्ञ. त्याचं म्हणणं मी माझ्यापुरतं असं लावून घेतलं: एखादी गोष्ट का होते हे सांगायची आपल्याला इतकी घाई असते की ती ज्याच्यावर गुदरते त्याला ती कशी दिसते, हे बघायचंच राहून जातं. आपली कारणं, आपले सिद्धांत, आपलं आधीचं ज्ञान थोडा वेळ कंसात ठेवा आणि त्या गोष्टीकडेच परत जा. यालाच ब्रॅकेटिंग म्हणतात. कंसात ठेवलेलं पुसलं जात नाही. ते तिथेच असतं, फक्त त्याच्यावर विसंबून पुढचं पाऊल टाकायचं नाही. पुढे हुसर्लचाच सहायक राहिलेला मार्टिन हायडेगर याने १९२७ मध्ये वेगळी वाट धरली. माणूस आधीच या जगात गुंतलेला आहे, तो समजून घेतो तो त्या गुंतण्यातूनच, त्यामुळे स्वतःला पूर्ण बाजूला काढणं होणारच नाही, असं त्याचं मत. म्हणून एक वाट वर्णनाची आणि दुसरी अन्वयार्थाची. नर्सिंगच्या प्रबंधांत बऱ्याचदा पहिल्या प्रकरणात हुसर्ल असतो, तिसऱ्यात हायडेगर, आणि दोघांचं जमत नाही हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही आलेलं नसतं. मायकेल क्रॉटी यांनी १९९६ मध्ये परिचर्येतल्या संशोधनावर याहून कडक टीका केली होती. तुम्ही माणसांना काय वाटतं ते गोळा करता, पण ज्याच्याविषयी वाटतं त्या गोष्टीकडे नव्याने बघतच नाही, असा तिचा रोख होता. ती वाचून मला राग आला होता. काम संपेपर्यंत तो राग उरला नाही.

मी वर्णनाची वाट घेतली आणि विश्लेषणासाठी पॉल कोलाइझी यांची १९७८ मधली सात पायऱ्यांची पद्धत. सगळ्या मुलाखती पुन्हा पुन्हा वाचायच्या, त्यातली महत्त्वाची विधानं वेगळी काढायची, प्रत्येकाचा अर्थ मांडायचा, अर्थांचे गट करून सूत्रं बांधायची, त्यांतून त्या अनुभवाचं सविस्तर वर्णन लिहायचं, मग त्याचा गाभा थोडक्यात मांडायचा, आणि शेवटी ते घेऊन त्याच माणसांकडे परत जायचं. ही सातवी पायरी याच शाखेतले दुसरे अभ्यासक अमेदेओ जॉर्जी यांच्या पद्धतीत नाही. तिच्यासाठीच मी कोलाइझी निवडले. शेवटी तिनेच माझं लिखाण सावरलं.

आधी एका शब्दावर अडले होते, ते सांगते. "लिव्ह्ड एक्स्पीरियन्स" मराठीत कसं म्हणायचं? माझ्या तोंडात पहिल्यांदा आलं "भोगलेलं". पण भोग म्हटलं की नशीब आलं, मागच्या जन्मीचं काहीतरी आलं. "सोसलेलं" म्हटलं तर त्यात कौतुक आलं, सोसणारा मोठा झाला. हे दोन्ही शब्द माणसाने तोंड उघडायच्या आधीच निकाल देऊन टाकतात. म्हणून "जगलेला अनुभव". ऐकायला जरा कोरडं वाटतं, पण तो शब्द मुकाट्याने उभा राहतो आणि बोलणाऱ्याला बोलू देतो.

ब्रॅकेटिंगसाठी मॅडमनी वही करायला लावली. मुलाखती सुरू करायच्या आधी, या विषयाबद्दल तुला जे जे माहीत आहे, जे वाटतं, जे निघावं अशी इच्छा आहे, ते सगळं लिही. मी पानं भरली. त्यातलं सर्वांत मोठं पान २०१६ च्या उन्हाळ्याचं निघालं. धनेगावचं मांजरा धरण कोरडं पडलं होतं आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे लातूरला पोचली. दहा वाघिणी, सुमारे पाच लाख लिटर पाणी. लोक स्टेशनवर बघायला गेले होते आणि आम्ही वॉर्डात टँकरची वाट बघत होतो. डायलिसिसच्या मशीनमधून मिनिटाला पाचशे मिलिलिटर द्रव जातो, म्हणजे चार तासांत एका पेशंटमागे १२० लिटर शुद्ध केलेलं पाणी. आरओमध्ये वाया जातं ते वेगळं. टँकर चुकला तर मशीन बंद, मशीन बंद तर माणूस धोक्यात. ते दिवस मी विसरणं शक्य नव्हतं. वहीत ते लिहिता लिहिता लक्षात आलं, की माझ्या प्रबंधाचा निष्कर्ष मनात आधीच तयार आहे: तहानलेल्या जिल्ह्यातली तहानलेली माणसं. किती छान जुळत होतं. मॅडमनी त्या ओळीखाली लाल रेघ मारली आणि समासात लिहिलं, "हे तुझं आहे. त्यांचं आहे का ते अजून कळायचंय."

सरावाची पहिली मुलाखत फसली. वॉर्डातच घेतली, मशीन चालू असताना, अंगावर युनिफॉर्म. शेजारच्या खाटेवरचे नातेवाईक कान देऊन ऐकत होते. मी विचारलं, "पाणी कमी प्यायचं म्हटल्यावर तुम्हाला काय वाटतं?" काका म्हणाले, "सिस्टर, तुमी सांगताव तेवढंच पितो बगा. एक घोट बी जास्त न्हाई." चौदा मिनिटांत मुलाखत संपली. त्याच सकाळी काट्यावर त्यांचं वजन पावणेचार किलो जास्त भरलं होतं. घरी जाऊन मी ते रेकॉर्डिंग तीनदा ऐकलं. काका खोटं बोलत नव्हते. समोर युनिफॉर्म होता आणि युनिफॉर्मला जे उत्तर द्यायचं असतं ते त्यांनी दिलं होतं. चूक प्रश्नातही होती. "काय वाटतं" विचारलं की माणूस मत देतो. फेनॉमेनॉलॉजीला मत नको असतं, तिला घडलेलं हवं असतं.

नीतिमत्ता समितीनेही याच ठिकाणी अडवलं, आणि बरं केलं. ज्यांच्या हाताला तू सुई लावतेस ते तुला नाही कसं म्हणतील, असा त्यांचा प्रश्न होता. आयसीएमआरच्या, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या, २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांत संमती दबावाशिवाय हवी असं आहेच. म्हणून माझ्या विभागात न येणारे पेशंट घेतले. नऊ जण, औसा, निलंगा, रेणापूर, चाकूर या तालुक्यांतले. मुलाखत त्यांच्या घरी, डायलिसिस नसलेल्या दिवशी, माझ्या अंगावर साधी साडी. आणि प्रश्न एकच: "परवाची रात्र सांगा. जेवण झालं तिथपासून."

पहिल्याच घरी मी जे केलं ते सांगायला हवं. ओसरीवर सतरंजी टाकली, आणि मावशींनी पाण्याचा तांब्या पुढे केला. समोर काका बसलेले, ज्यांना दिवसभरात जेमतेम अर्धा लिटर. त्यांच्यादेखत मी घटाघटा पाणी कसं पिऊ? मी म्हणाले, "नको मावशी, आत्ताच प्याले." मावशींचा चेहरा उतरला. त्यांनी तांब्या उचलला नाही, तिथेच ठेवला. पुढचा तासभर तो आमच्या मधे होता. काका बराच वेळ काही बोलले नाहीत आणि मग तांब्याकडे बघत म्हणाले, "आता कळलं का, कसं व्हतंय?"

त्या दिवशी ते जे बोलले ते माझ्या एकाही प्रश्नात नव्हतं. "पाव्हण्याच्या घरी गेलं की तांब्या पुढं येतोय. नको म्हणलं की तोंडं उतरतेत. एकानं तर इचारलं, आमच्या घरचं पाणी चालत न्हाई का तुमाला? आता त्याला किडनीचं काय सांगावं? म्हणून मी काय करतो, तांब्या घेतो, व्हटाला लावतो, ठेवतो." लग्नाला जाणं त्यांनी बंद केलं होतं, कारण पंगतीत पाणी वाढणारा दोनदा फिरतो आणि दोनदा हात आडवा धरावा लागतो. पाणी न पिण्यापेक्षा पाण्याला नाही म्हणणं त्यांना जड जात होतं. आपल्याकडे पाणी नाकारण्याचे अर्थ किती आहेत बघा. भांडण असतं तिथे पाणी पीत नाहीत. जातीवरून पाणी नाकारल्याचा इतिहास तर घराघरात आहे. त्या सगळ्या अर्थांमधून या माणसाला रोज वाट काढावी लागत होती आणि आमच्या माहितीपत्रकात त्याविषयी एक ओळ नव्हती. पुढच्या आठही घरी मी पाणी प्याले.

किल्लारीच्या बाजूचे एक काका होते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात त्यांचं घर गेलं होतं, घरातली माणसं गेली होती. ते स्वतःहून त्या रात्रीवर गेले आणि मी अडवलं नाही. "तवा एका झटक्यात गेलं समदं. मग रडायला मोकळे झालाव. हे तसं न्हाई. सोमवार आन गुरुवार मशीनचे, मंगळवार आन शुक्रवार अंग उचलत न्हाई. ऱ्हायलं काय?" यानंतर ते थांबले. उतरवून घेताना मोजलं, अकरा सेकंद. रेकॉर्डिंगमध्ये फक्त पंख्याची घरघर आहे. फेनॉमेनॉलॉजीचेच एक अभ्यासक मॅक्स व्हॅन मॅनन यांनी १९९० मध्ये जगलेल्या अनुभवाच्या चार बाजू सांगितल्या आहेत: जागा, शरीर, काळ आणि नातं. माझी पद्धत वेगळी होती म्हणून ती चौकट विश्लेषणात वापरली नाही, पण जगलेला काळ घड्याळातल्या काळाहून वेगळा असतो हे वाक्य मला त्या अकरा सेकंदांत उमगलं.

एका तरुणाने रेकॉर्डर बंद करायला सांगून रात्री उठून माठातलं पाणी पितो असं सांगितलं. बायकोला माहीत नाही, डॉक्टरांना माहीत नाही. मी संशोधक म्हणून गप्प राहायचं वचन दिलेलं, आणि नर्स म्हणून त्याच्या पायांवरची सूज बोट न लावताही दिसत होती. मी त्याला सरळ सांगितलं, की हे मी कुणाला सांगणार नाही, पण आडवं झोपल्यावर दम लागायला लागला तर एक रात्रही थांबू नकोस, आणि हे तुझ्या सिस्टरना तू स्वतः सांगितलंस तर तुझ्या डायलिसिसमध्ये त्या काही करू शकतील. पुढच्या आठवड्यात त्याने सांगितलं. हे असं निभावलं म्हणून बरं. तो तयार झाला नसता तर मी काय केलं असतं, याचं उत्तर वहीत मी चार पानं शोधलंय.

आता ज्या मुलाखतीवर माझा सगळा प्रबंध उभा आहे ती. औसा तालुक्यातल्या एक ताई, वय चाळिशीच्या आत, डाव्या हातावर फिस्टुला. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. डायलिसिसला रक्त जोरात मिळावं म्हणून हाताची धमनी आणि शीर ऑपरेशन करून जोडतात. ती शीर फुगते, तिच्यावर बोट ठेवलं की आत सतत थरथर लागते. ती थरथर म्हणजे फिस्टुला जिवंत. त्या हाताला बीपीचा पट्टा बांधायचा नाही, सलाइन लावायचं नाही, आणि त्या हातानं वजन उचलायचं नाही. हे शेवटचं वाक्य मी आयुष्यात हजारदा म्हटलं असेल, एका दमात, पुढच्या पेशंटकडे वळता वळता.

ताईंना मी परवाच्या रात्रीबद्दल विचारलं. त्या तहानेवर दोन वाक्यं बोलल्या आणि हातावर आल्या. रात्री झोप लागली नाही की तो हात कानाशी धरतात, आतला आवाज ऐकतात. "गिरणीवानी चालतंय." मग म्हणाल्या, "ह्या हातानं घागर उचलायची न्हाई म्हणलेत. टँकर आला की समद्या बाया पळतेत. मी दारात हुबी. लेक भरती घागर. तिच्या कमरंला अजून बसत न्हाई ती, सांडती. मी बगत ऱ्हाती. माज्या घरचं पाणी दुसऱ्याच्या हातानं. तवा वाटतंय, आपण ह्या घरचे न्हाईत." पुढे अर्धा तास घागरच. पितळेची कोणती, स्टीलची कोणती, माहेरहून कोणती आली, कोणत्या घागरीला चुंबळ लागत नाही. मी तहानेवर आणायचा दोनदा प्रयत्न केला. रेकॉर्डिंगमध्ये माझा तो आवाज ऐकताना आजही वाईट वाटतं. ताई मला त्यांचं जग दाखवत होत्या आणि मी त्यांना माझ्या विषयावर आणत होते.

एका तासाचं रेकॉर्डिंग उतरवायला मला सहा-सात तास लागायचे. शब्द जसे बोलले तसेच लिहिले, "न्हाई"चं "नाही" केलं नाही. अडचण पुढेच होती. प्रबंध इंग्रजीत द्यायचा असतो, म्हणून बरेच जण मुलाखत आधी इंग्रजीत करून घेतात आणि मग विश्लेषण करतात. मीही दोन मुलाखती तशा केल्या. वाचताना काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं, म्हणून मूळ मराठीशेजारी ठेवून बघितलं. माझ्या भाषांतरात "थर्स्ट" हा एकच शब्द होता. मराठीत एकाच माणसाने तीन गोष्टी वेगळ्या सांगितल्या होत्या. "तहान तर मरती थोड्या वेळानं. कोरड मरत न्हाई, जीभ टाळूला चिकटती. आन कवा कवा तहान बी नसती, कोरड बी नसती, नुसता माठ बगितला की पाण्यावर जीव जातोय." तहान, कोरड आणि जीव जाणं. पहिली दिवसाच्या कोट्यात बसते. दुसरीला लिंबाची फोड, बर्फाचा खडा चालतो. तिसरीवर वॉर्डातला कुठलाच उपाय लागू पडत नाही, कारण तिचा घशाशी संबंध नाही. माझ्या "थर्स्ट"ने तिन्ही गिळून टाकल्या होत्या. ती दोन्ही भाषांतरं मी फाडली. विश्लेषण सगळं बोलीत केलं, इंग्रजी अगदी शेवटी आणलं.

मे महिन्यात खोलीचा पंखा बंद करून फरशीवर चिठ्ठ्या पसरल्या, नाहीतर उडाल्या असत्या. एकेका चिठ्ठीवर एक विधान. त्याच्या खाली मी मांडलेला अर्थ. ताईंच्या घागरीच्या विधानाखाली मी पहिल्यांदा लिहिलं होतं: "वजन उचलण्यावरील बंधनामुळे घरकामात अडचण येते." मॅडमनी ते वाचलं आणि म्हणाल्या, "हे वाक्य तू त्या बाईला न भेटताही लिहू शकली असतीस." मला रात्रभर झोप आली नाही. खरंच होतं. त्या वाक्यात घागर नव्हती, सांडणारं पाणी नव्हतं, दार नव्हतं. दुसऱ्या दिवशी परत ऐकलं आणि लिहिलं: "घरात पाणी आणणारी ही तिची जागा होती. ती जागा मुलीकडे गेल्यावर ती स्वतःच्या घरात पाहुणी झाली." हे मॅडमना आवडलं. मलाही फार आवडलं.

सूत्रं बांधताना बाकीच्या चिठ्ठ्याही जागा बदलत गेल्या. कोरडा जिल्हा आणि कोरडा घसा असं जे मी वहीत जुळवलं होतं ते नऊ जणांपैकी एकानेही जुळवलं नाही. दुष्काळ सगळ्यांच्या बोलण्यात होता, पण टँकरच्या वेळेसारखा, रोजचा. त्यांचं दुखणं पाणी कमी मिळण्यात नव्हतं. माणसं एकमेकांना पाणी देतात, आणतात, पुढे करतात. त्या देण्याघेण्यातून आपण बाहेर पडलो, हे दुखणं होतं. तहान त्यात होती, मोठी होती, पण ती मधोमध नव्हती. माझं लाल रेघेखालचं वाक्य मी प्रबंधात घेतलं नाही.

आराखड्याच्या बैठकीत एका परीक्षकांनी विचारलं होतं, "नऊच? टक्केवारी कशी काढणार?" टक्केवारी काढायचीच नाही हे पटवायला बराच वेळ गेला. लिंकन आणि गुबा या अभ्यासकांनी १९८५ मध्ये गुणात्मक संशोधनाच्या विश्वासार्हतेचे जे निकष मांडले त्यांच्या आधारे मी बोलले, वही दाखवली, चिठ्ठ्या दाखवल्या. त्यांचं समाधान झालं की नाही सांगता येत नाही, पण सही झाली.

राहिली सातवी पायरी. वर्णन लिहून झाल्यावर मी ते साध्या मराठीत केलं आणि घरोघरी घेऊन गेले. नऊपैकी आठ भेटले. चाकूरकडचे एक काका मधल्या काळात गेले होते. त्यांच्या घरी मी कागद न काढता बसले आणि उठून आले.

औशाच्या ताईंनी मुलीला वाचायला लावलं. ती नववीत होती, शाळेतला धडा वाचावा तशी खणखणीत वाचत होती. तांब्या ओठाला लावून ठेवण्याचं आलं तेव्हा ताई हसल्या, "मी बी तसंच करती." कोरडीचं आलं तेव्हा मान हलवली. मग घागरीचं आलं, आणि ती स्वतःच्या घरात पाहुणी झाली हे वाक्य आलं. ताईंनी हात वर केला.

"पाव्हणी न्हाई. पाव्हणीला बसून पाणी देतेत."

मी विचारलं, मग काय लिहू?

"ते तुमाला मी पैल्या उन्हाळ्याचं सांगितलं व्हतं. आता रांग मी धरती की. टँकर यायच्या आधी जाऊन रिकाम्या घागरी मांडती. कुणाच्या मागं कोण, ते मीच सांगती समद्यांना. भरून ही आणती. पण नंबर माजा असतोय."

पाहुणी हा शब्द त्यांच्या मुलाखतीत कुठेच नव्हता. मी परत येऊन शोधला. तो माझा होता, मला आवडलेला, आणि मी तो त्यांच्या तोंडी घातला होता. वर पहिल्या उन्हाळ्याचं त्यांनी जे सांगितलं ते मी कायमचं धरून बसले होते. तिथेच, त्यांच्यासमोर, कागदावरची ती ओळ खोडली आणि त्यांनी सांगितलं तसं बोलीतच लिहून घेतलं. मुलीने ते परत वाचून दाखवलं.

तेवढ्यात लांबून टँकरचा हॉर्न आला. ताई उठल्या, दोन रिकाम्या घागरी उजव्या हातात घेतल्या, "बसा मॅडम, च्या घेतल्याबिगर जायचं न्हाई," म्हणाल्या आणि भराभरा बाहेर पडल्या.